नदीतून-डोंगरातून आणलेला दगड फिश टँकमध्ये चालेल का? खान्देशातल्या हौशी मत्स्यपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडचा काळा दगड टाकीत टाकायला सुरक्षित असतो का?

बहुतेक वेळा हो, आणि या बाबतीत खान्देशातले लोक नशीबवान आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार हा जवळपास सगळा पट्टा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर वसला आहे. त्यातून बनलेला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. ताजा, घट्ट बेसाल्ट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पाण्याचा पीएच (आम्ल-अल्क पातळी) हलवत नाही, क्षार वाढवत नाही. शहरातल्या दुकानात 'ॲक्वेरियम स्टोन' म्हणून किलोवर विकला जाणारा काळा दगड पुष्कळदा हाच असतो.

पण 'काळा दगड' म्हणजे 'बेसाल्ट' असं धरून चालू नका. ओट्यावर बसवतात तो कडप्पाही काळाच दिसतो आणि तो चुनखडकाचा असतो. शिवाय अस्सल बेसाल्टच्या पोटातही पांढऱ्या गाठी असू शकतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

दगडाची तपासणी म्हणजे नेमकं काय तपासायचं?

दोन वेगळ्या गोष्टी, आणि त्यांची गल्लत होते म्हणून मासे मरतात.

पहिली गोष्ट दगड स्वतः कशाचा बनला आहे. त्यात चुना असेल तर तो हळूहळू पाण्यात उतरतो, पाणी क्षारांनी जड होतं, पीएच चढतो. हे घरी तपासता येतं.

दुसरी गोष्ट दगडावर आणि दगडात बाहेरून काय मुरलं आहे. फवारणीचं औषध, ऑइल, रंग, सांडपाणी. हे घरी तपासता येत नाही. व्हिनेगरचा थेंब कीटकनाशक दाखवत नाही, पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा टीडीएस मीटरही दाखवत नाही. कोळंबीला आणि लहान माशांना घातक ठरणारं काही कीटकनाशकांचं प्रमाण इतकं सूक्ष्म असतं की मीटरवरचा आकडा जागचा हलत नाही. म्हणून दगड कुठून उचलला हीच त्याची पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. जागा संशयास्पद असेल तर पुढची कुठलीही चाचणी करत बसू नका, दगड तिथेच राहू द्या.

मग दगड कुठून आणावेत?

सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या-नाले पायथ्याशी आले की गोट्यांचा मोठा पसारा टाकतात. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांच्या उत्तरेकडच्या कडेला हा गोट्यांचा पट्टा सहज दिसतो. पाण्याने घासून गोल झालेले, टणक, धारा गेलेले असे हे गोटे टाकीसाठी फार चांगले. कच्चा, ठिसूळ भाग वाटेतच झिजून गेलेला असतो आणि टिकाऊ तेवढा उरलेला असतो. पांझरेच्या आणि गिरणेच्या वरच्या भागातही चांगले गोटे मिळतात.

धुळे-नंदुरबारकडच्या वाचकांना आणखी एक सोय आहे. तिकडे जमिनीतून भिंतीसारख्या लांबच लांब निघालेल्या काळ्या दगडाच्या रांगा दिसतात. जुन्या भेगांमध्ये लाव्हारस थिजून त्या झाल्या आहेत. या रांगांतला दगड साधारणपणे फार टणक असतो आणि त्याचे कोनदार तुकडे पडतात. डोंगरकड्यासारखी मांडणी करायची असेल तर याहून देखणा दगड आपल्या भागात मला तरी माहीत नाही. मात्र कडा धारदार असतात. गोल्डफिश किंवा लांब पंखांचे मासे असतील तर पॉलिश पेपरने किंवा दगडावर दगड घासून धारा मारून घ्या.

आणि कुठून आणू नयेत?

केळीच्या आणि कपाशीच्या शेताच्या बांधावरून आणि त्या शेतांचं पाणी वाहून येणाऱ्या नाल्यातून आणू नका. खतं आणि फवारणीचं पाणी तिथेच मुरतं. बांधावरचा एखादा दगड हद्दीचाही असू शकतो, त्याला हात लावणं म्हणजे दोन घरांत भांडण लावणं.

रेल्वे रुळांमधली खडी नको. भुसावळसारख्या जंक्शनजवळ राहणाऱ्यांना ती समोर दिसते, पण तिच्यात ऑइल, ग्रीस आणि मैला मुरलेला असतो, शिवाय ती रेल्वेची मालमत्ता आहे.

एमआयडीसीच्या नाल्यातला, गॅरेजसमोरचा, कचरा जाळतात त्या जागेचा दगड नको. हलका, बुडबुड्यांच्या खळग्यांचा, काचेसारखी चमक असलेला तुकडा कारखान्याच्या आसपास सापडला तर तो लाव्हा दगड समजून उचलू नका, धातूच्या भट्टीतली मळी (स्लॅग) असण्याची शक्यता जास्त.

शेंदूर लावलेला, रंग दिलेला, पूजेतला दगड कुठल्याही परिस्थितीत नाही. श्रद्धेचा भाग आहेच, पण शेंदरात शिशाचं किंवा पाऱ्याचं संयुग असू शकतं आणि ते माशांना विष आहे. मूर्ती विसर्जनाच्या घाटावरच्या दगडांवर रंगाचा थर बसलेला असतो, तेही टाळा.

यावल अभयारण्य, अनेर धरण अभयारण्य, पाटणादेवीचा परिसर ज्यात येतो ते गौताळा-औट्रम घाट अभयारण्य, इथून काहीही आणायचं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलता येत नाही. किल्ल्यांचे आणि जुन्या मंदिरांचे सुटे दगडही तिथेच राहू द्यावेत. आणि चांगल्या जागेवरूनही पिशवीभर पुरे. गोट्यांखाली किडे, बेडूक, लहान मासे राहतात. उलटा केलेला दगड पुन्हा होता तसा ठेवून या.

तापीकाठी पांढरट, खडबडीत, बटाट्यासारखे खडे मिळतात. दिसायला छान आहेत, चालतील का?

साध्या टाकीत नाही. तापीच्या दोन्ही बाजूंना गाळाचा खोल थर आहे आणि त्या गाळात चुन्याचे हे खडे तयार होतात. पूर्वी भट्टीत भाजून त्यांचा चुना करत, यावरूनच काय ते समजा. व्हिनेगर टाकताच जोरात फसफसतात. चांगदेवला पूर्णा मिळते तिथपासून खाली, दरडींमध्ये आणि घळींमध्ये हे खूप दिसतात, आणि नदीकाठच्या वाळूतही त्यांचा चुरा मिसळलेला असतो. त्यामुळे तापीची वाळू टाकीत घालणार असाल तर तिचीही मूठभर घेऊन चाचणी करा. लोक दगड तपासतात आणि वाळू तशीच ओततात.

व्हिनेगरची चाचणी नीट कशी करायची?

दगड ब्रशने घासून, धुऊन पूर्ण वाळवा. आधी त्यावर साध्या पाण्याचे थेंब टाका. सच्छिद्र दगडातून हवा निघते आणि बुडबुडे येतात, तो चुना नव्हे. हे एकदा पाहून ठेवलं की पुढे फसगत होत नाही.

मग दगड पुन्हा कोरडा करून पांढरं व्हिनेगर टाका. एका जागी नाही, चार-सहा जागी. पांढरे डाग, शिरा, खळग्यांच्या आतल्या भिंती, तळ, सगळीकडे. जुन्या चाकूच्या टोकाने थोडं खरवडून त्या भुकटीवर टाकलं तर परिणाम अधिक स्पष्ट दिसतो. कान जवळ नेला तर बारीक सरसर ऐकू येते. मिनिटभर तरी पाहा.

दगड मोठा असेल आणि त्याचा एखादा तुकडा उडवता आला तर ताज्या तुटलेल्या भागावरही चाचणी करा. बाहेरून झिजलेला चुना पावसाने निघून गेलेला असतो आणि आत तो शाबूत असतो. फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालतो, पण तोही सौम्यच.

व्हिनेगरने काही झालं नाही. म्हणजे दगड पास?

अर्धा पास. व्हिनेगरमध्ये ॲसिटिक ॲसिड साधारण ४ ते ५ टक्केच असतं. डोलोमाइटसारखा खनिज चुना त्याला नीट दाद देत नाही. फरशी धुवायचं ॲसिड, म्हणजे पातळ हायड्रोक्लोरिक, जास्त खात्रीचं आहे. पण ते अंगणात, वारा असताना, हातमोजे आणि चष्मा घालून, ड्रॉपरने दोन-तीन थेंब एवढंच वापरायचं. नंतर दगडावर खाण्याचा सोडा टाकून भरपूर पाण्याने धुवायचं. मुलांना हे करू देऊ नका.

टॉयलेट क्लीनर वापरू नका, त्यात फेस आणणारे घटक असतात आणि निकाल कळत नाही. बॅटरीचं ॲसिडही नको. ते सल्फ्युरिक असतं, चुन्यावर जिप्समचा पातळ थर धरतं आणि फसफस मध्येच थांबते. चुना असलेला दगड मग पास झाल्यासारखा वाटतो.

एक गोष्ट ठळकपणे लिहितो: ॲसिड किंवा व्हिनेगर लावलेल्या दगडावर ब्लीच घालायचं नाही, आणि ब्लीच लावलेल्यावर ॲसिड नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

बादलीची चाचणी कशी असते? ती खरंच लागते का?

मी ती सोडत नाही आणि तुम्हीही सोडू नका. ॲसिडचा थेंब एका ठिपक्याबद्दल सांगतो, बादली अख्ख्या दगडाबद्दल सांगते.

दोन स्वच्छ बादल्या घ्या. दोन्हींत एकाच वेळी, एकाच ठिकाणचं, सारखंच पाणी भरा. एकीत धुतलेले दगड, दुसरी नुसती. दगडाचं प्रमाण टाकीत असेल तितकं किंवा त्याहून जास्त ठेवा. दोन्हींवर झाकण. १० ते १५ दिवस सावलीत ठेवून टीडीएस, केएच (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) आणि जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) मोजा. दोन बादल्यांतला फरक म्हणजे दगडाचं काम. केएच किटच्या एका डिग्रीचा अर्थ लिटरमागे सुमारे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. दगडाच्या बादलीत केएच आणि जीएच दोन्ही वाढत चालले असतील तर चुना उतरतो आहे.

दुसरी, रिकामी बादली अनेकांना फालतू वाटते. आपल्या भागात ती अत्यावश्यक आहे, आणि त्याची दोन कारणं आहेत. बोअरच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. पाणी बादलीत राहिलं की तो निघून जातो आणि पीएच दगडाशिवायच चढतो. दुसरं म्हणजे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास असताना झाकण असूनही बादलीतलं पाणी उडतं आणि उरलेल्या पाण्याचा टीडीएस आपोआप वाढतो. रिकामी बादली नसेल तर हा दोष तुम्ही बिचाऱ्या दगडावर टाकाल.

चाचणीला कुठलं पाणी घ्यावं? बोअरचं, नळाचं की जारचं?

जारचं आरओ पाणी किंवा पावसाचं पाणी घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरच्या पाण्यात क्षार आधीच इतके असतात की चुन्याचा दगड त्यात फारसा विरघळतच नाही. चाचणी 'पास' होते. पुढे तुम्ही टेट्रासारखे मऊ पाण्यातले मासे पाळायचे म्हणून आरओ पाणी वापरायला लागता आणि तोच दगड विरघळायला लागतो. आरओ पाण्यात पीएचच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. त्यात तो स्थिर राहत नाही. टीडीएस आणि केएच पाहा.

झाडांच्या टाकीत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावणार असाल तर कसोटी आणखी कडक ठेवा. तो वायू पाणी आम्लधर्मी करतो आणि चुना वेगाने खातो.

काळ्या दगडात पांढरे ठिपके आहेत. ते काय आहे?

लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे लाखो वर्षांत त्या पोकळ्यांत खनिजं भरली, तेच हे ठिपके. तीन प्रकार साधारण भेटतात.

चाकूने ओरखडा उठतो आणि व्हिनेगरने फसफसतं ते कॅल्साइट, म्हणजे चुना. चाकूने ओरखडा उठत नाही, उलट त्यानेच काचेवर ओरखडा उठतो, ती गारगोटी किंवा अकीक. ती पूर्ण निर्धोक. चाकूने ओरखडा उठतो पण फसफसत नाही, मोत्यासारखी चमक आहे, पापुद्रे किंवा पंख्यासारखे स्फटिक आहेत, ते झिओलाइटचं कुटुंब, त्यात स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट आपल्याकडे खूप. जळगाव जिल्ह्यात आणि अजिंठ्याच्या डोंगराच्या बाजूला खदानींतून असे सुंदर स्फटिक निघतात.

झिओलाइट विषारी नाही. पण स्फटिक ठिसूळ आणि टोकदार असतात, आणि त्यांच्याच शेजारी, त्याच पोकळीत कॅल्साइट वाढलेला असतो. इतका सुंदर नमुना पाण्यात घालून त्यावर शेवाळ चढवण्यापेक्षा तो कपाटात ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

तीन-चार किलोच्या गोट्यात कॅल्साइटची एखादी बारीक रेघ असेल आणि तुमचं पाणी बोअरचं असेल तर काळजी करू नका. आरओच्या टाकीत तो दगड नको.

दगडाला लोहचुंबक चिकटतो. म्हणजे त्यात धातू आहे ना?

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण नैसर्गिकरीत्याच असतात, म्हणून जोरदार चुंबक थोडा ओढला जातो. त्याने काही बिघडत नाही. तांबूस गंजासारखा थरही बहुधा हवापाण्याने झिजलेल्या लोहाचा असतो, घासून काढा.

हिरवट रंगाचा थर दिसतो, तो तांब्याचा असेल का?

आपल्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत मातकट निळसर-हिरवा थर असतो तो बहुतेक सेलॅडोनाइट, त्यात लोह असतं, तांबं नाही. पण ठळक, चकचकीत हिरवा किंवा निळा रंग, किंवा पितळेसारखी सोनेरी चमक दिसली तर दगड सोडून द्या. कोळंबी आणि गोगलगाय तांब्याचा अंशही सहन करत नाहीत, आणि शंकेचा फायदा इथे माशांना द्यायचा.

मुरूम, लाल दगड, फरशीचे तुकडे?

मुरूम म्हणजे कुजलेला बेसाल्ट. पाण्यात सुटत जातो, फिल्टर तुंबतो. लाव्हाच्या दोन थरांमधला तांबडा मातीसारखा दगडही तसाच, पाणी लाल करतो.

शहाबादी, कोटा आणि कडप्पा या तिन्ही फरश्या चुनखडकाच्या आहेत, संगमरवरही चुन्याचाच. घर बांधताना उरलेल्या तुकड्यांची गुहा करायची फार जणांची इच्छा असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. ग्रॅनाइट चालतो, मात्र पॉलिशवर मेण किंवा राळ असू शकते. सिमेंटचे तुकडे नकोत, ताज्या सिमेंटने पीएच धोकादायक चढतो.

चुन्याचा दगड कधीच चालत नाही का?

चालतो, मासे पाहून. मलावी तलावातल्या सिच्लिड माशांना जड, अल्कधर्मी पाणीच हवं असतं. त्यांच्या टाकीत चुनखडक मुद्दाम घालतात. गप्पी, मॉली, प्लॅटी जड पाण्यात खुशाल राहतात. निऑन टेट्रा, डिस्कस, रॅम सिच्लिड यांना मऊ पाणी लागतं, त्यांच्या टाकीत चुना नको. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची, म्हणजे जडपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्याय नसेल तर ६०० आहे. तुमच्या बोअरचा आकडा एकदा मोजून ठेवा, दगडाआधी मासे निवडायला तो उपयोगी पडेल.

दगड उकळून घ्यावेत का?

नको. दगडाच्या भेगांत पाणी अडकलेलं असेल तर त्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो, गॅसवरही आणि ओव्हनमध्येही. त्याऐवजी कडक ब्रशने घासा, चिखल, शेवाळ, मुळं काढा, साबण अजिबात लावू नका. बादलीत ठेवून गरम पाणी ओता, गार होऊ द्या, पुन्हा घासा. मग आठवडाभर गच्चीवर उन्हात टाका, अधूनमधून उलटा. आपल्या उन्हाळ्यात हे काम फार चांगलं होतं. तापलेला दगड लगेच गार पाण्यात टाकू नका, तडकतो.

नाल्याच्या दगडात गोगलगायींची अंडी असण्याची भीती असेल तर साधं, सुगंध न घातलेलं ब्लीच २० भाग पाण्यात एक भाग मिसळून अर्धा तास बुडवा. मग भरपूर धुवा, क्लोरीन काढायच्या औषधाच्या पाण्यात दिवसभर ठेवा आणि पूर्ण वाळवा. क्लोरीनचा वास थोडाही उरला तर पुन्हा धुवा.

टाकीत मांडताना काच फुटण्याची भीती वाटते.

भीती रास्त आहे. एक लिटर आकारमानाचा बेसाल्ट जवळपास तीन किलो भरतो. दोन फुटी टाकीत, म्हणजे साधारण ५४ लिटर पाण्यात, मोजकेच दगड ठेवा आणि स्टँडला ते वजन पेलतं का पाहा. तळाच्या काचेवर पातळ फोम शीट घाला, त्यावर दगड, आणि वाळू सगळ्यात शेवटी. वाळूवर दगड ठेवला तर खणणारे मासे खालची वाळू उकरतात आणि दगड काचेवर कोसळतो. एकावर एक रचायचे असतील तर बुरशीरोधक नसलेल्या ॲक्वेरियम सिलिकॉनने चिकटवा आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत सुकू द्या.

न तपासता दगड आधीच टाकले आहेत आणि मासे वर येऊन तोंड मारत आहेत. आता काय करू?

आधी एअर पंप जोरात करा आणि दगड बाहेर काढा. मग अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजा, कारण दोष दगडाचाच असेल असं नाही. सडलेलं खाणं किंवा उन्हाळ्यात तापलेलं पाणीही हेच लक्षण दाखवतं. २०-२५ टक्के पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि तापमानाला जुळणारं हवं. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच बदला.

चुन्यामुळे पीएच चढला असेल तर तो लिंबू किंवा ॲसिड टाकून एकदम खाली आणू नका. हळूहळू चढलेल्या पीएचची माशांना सवय झालेली असते, एका तासात झालेला बदल त्यांना मारतो. दगड काढून रोज थोडं थोडं पाणी बदलत राहिलं की काही दिवसांत आकडे मूळ जागी येतात. विषारी लेप किंवा औषधाचा संशय असेल तर मात्र वाट पाहू नका. मासे दुसऱ्या भांड्यात, जुळवून घेतलेल्या पाण्यात हलवा, फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन (विष शोषून घेणारा कोळसा) घाला. वाळूतही विष मुरलेलं असू शकतं, म्हणून तीही काढून टाका.